मोटार-शर्यतींतील उमेदवारी

फॉर्म्युला वन या मोटारींच्या सर्वश्रेष्ठ शर्यतीचीं वर्णनें सुशिक्षितांच्या घरांत आतां बरींच ऐकूं येतात. पण त्या शर्यतींतील मूठभर सारथी तयार होतात कोठें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सुतार किंवा सोनार ज्याप्रमाणें कांहीं वर्षें उमेदवारी करून मग आपलें दुकान थाटतो, त्याचप्रमाणें या तरुणांसहि खालच्या वर्गांत उमेदवारी करावी लागते. फॉर्म्युला थ्री हा त्यांतील एक कसोटीचा वर्ग होय. २०१९ सालीं तो जुन्या जीपी-थ्री मालिकेची जागा घेऊन, आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नांवानें, नव्या रूपांत सुरू झाला. आणि तो पहिलाच हंगाम विलक्षण ठरला.

या मोटारींत एकच माणूस बसतो. चाकें उघडीं, वर छप्पर नाहीं. सारथ्याच्या डोक्याभोंवतीं टायटेनियम धातूची एक भक्कम कमान मात्र असते. त्या वर्षीं दहा संघांनीं प्रत्येकीं तीन याप्रमाणें तीस मोटारी उतरविल्या. साऱ्या इटलींतील दल्लारा कारखान्याच्या, एकाच बनावटीच्या. इंजिन मेकाक्रोमचें, ३·४ लिटरचें, सहा सिलिंडरांचें, सुमारें ३८० अश्वशक्तीचें. टायरहि सर्वांस पिरेलीचेच. वेग ताशीं ३०० किलोमीटरच्या घरांत जातो. एकाची गाडी दुसऱ्याहून सरस होती, म्हणून तो जिंकला, असें कोणास म्हणतां येऊं नये, हा या समतेचा हेतु.

हेतु पुरता साधतो, असें मात्र नाहीं. गाडी एकच असली तरी तिची जुळणी करणारे हात एक नसतात. प्रेमा नांवाच्या इटालियन संघाचे तीन सारथी त्या हंगामांत पहिल्या तीन क्रमांकांवर आले, हा कांहीं योगायोग नव्हे. शिवाय संघांत जागा मिळविण्यासाठीं बहुधा सारथ्यालाच पैसे भरावे लागतात, आणि ही रक्कम कित्येक कोटि रुपयांची असते. ती वडिलांनीं द्यावी किंवा एखाद्या व्यापारी आश्रयदात्यानें. त्यामुळें गुणवंत मुलगा घरींच राहिला आणि त्याहून उणा धांवला, असें घडत नसेल असें कोणी समजूं नये.

हंगाम ११ मे रोजीं बार्सिलोना येथें सुरू झाला आणि २९ सप्टेंबरला रशियांतील सोची येथें संपला. मध्यें फ्रान्स, ऑस्ट्रिया, इंग्लंड, हंगेरी, बेल्जम व इटली. आठ मुक्काम, प्रत्येक मुक्कामीं दोन शर्यती, एकूण सोळा. सरावास ४५ मिनिटें, आणि आरंभींचा क्रम ठरविण्यास अवघीं ३० मिनिटें. एवढ्यावर मुलानें त्या मार्गाचें प्रत्येक वळण आत्मसात् करावयाचें. पहिल्या शर्यतींत जे पहिले आठ येत, ते दुसऱ्या शर्यतीस उलट्या क्रमानें उभे केले जात. म्हणजे पहिला आलेला आठवा, आणि आठवा आलेला पहिला. हुशार विद्यार्थ्यास मुद्दाम मागच्या बांकावर बसवावें, तसाच हा प्रकार. पण त्यांत शहाणपण आहे. पुढें राहून वेगानें जाणें ही एक विद्या, आणि गर्दींतून वाट काढणें ही दुसरी. दोन्ही आल्याखेरीज सारथी पुरा होत नाहीं.

विजेतेपद रशियाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमन यास मिळालें. त्याचे गुण २१२. खरी चुरस त्याच्या मागें होती. न्यूझीलंडचा मार्कस आर्मस्ट्राँग यास १५८ गुण पडले आणि मुंबईचा जहान दारूवाला यास १५७. फोर्स इंडिया संघानें २०११ सालीं भारतांतील होतकरू मुलांची जी निवड केली होती, तींत हा दारूवाला होता. त्या हंगामांत त्यानें बार्सिलोना येथील दुसरी व फ्रान्समधील पहिली शर्यत जिंकली.

हा एक गुण म्हणजे किती? दुसऱ्या शर्यतींत आठवा येणाऱ्यास तो मिळे. सर्वांत जलद फेरीस दोन मिळत. परंतु त्याची किंमत निराळ्याच वहींत मांडलेली असते. फॉर्म्युला वनमध्यें बसण्यास जो परवाना लागतो, त्यासाठीं तीन वर्षांत ४० परवाना-गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्यास त्यांपैकीं ३०, दुसऱ्यास २५, तिसऱ्यास २०. सोळा शर्यतींतील एका गुणानें दारूवालाचे तेथें पांच गुण गेले.

पण याहून मोठें मोलहि कोणी दिलें. ३१ ऑगस्टला बेल्जममधील स्पा येथें वरच्या, म्हणजे फॉर्म्युला टू वर्गाच्या शर्यतींत फ्रान्सचा आंथ्वान ह्युबेर हा २२ वर्षांचा तरुण अपघातांत मरण पावला. आदल्याच वर्षीं तो जीपी-थ्रीचा विजेता झाला होता. फॉर्म्युला थ्रीचीं मुलें जी पायरी चढूं पाहत होतीं, ती तो नुकताच चढला होता. त्याच्या वर्गाची दुसऱ्या दिवशींची शर्यत रद्द झाली. या मुलांची झाली. ती व्हावयास हवी होती कीं नव्हती, यावर दोन मतें होतील. पुढच्याच आठवड्यांत, ७ सप्टेंबरला, मोंझा येथें ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पेरोनीची मोटार मार्गाच्या कडेच्या एका उंचवट्यावर आपटून हवेंत उडाली, गरगर फिरली आणि कुंपणावर जाऊन पडली. सारथ्यांनीं वळण चोरून कापूं नये म्हणून असे उंचवटे बसवितात. चोर पकडण्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत पाहुणा पडावा तसें झालें. पाठीच्या एका मणक्यास इजा झाली, तरी तो स्वतःच बाहेर आला. तो उंचवटा नंतर काढून टाकण्यांत आला.

आतां हंगामाच्या तक्त्याकडे पाहिलें तर त्यांतील वरचे चार सारथी २०२४ अखेरपर्यंत फॉर्म्युला वनच्या एकाहि शर्यतींत उतरले नाहींत. नववा आलेला जपानचा युकी त्सुनोडा मात्र २०२१ सालीं तेथें पोंचला, आणि अकरावा आलेला न्यूझीलंडचा लायम लॉसन २०२३ सालीं. त्याच वर्षीं अमेरिकेचा लोगन सार्जंटहि पोंचला; २०१९ सालीं तो एकोणिसावा होता, आणि प्रेमा संघांत गेल्यावर एकाच वर्षांत तिसरा आला. श्वार्ट्झमननें पुढें अमेरिकेची वाट धरली व २०२५ सालीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत पहिल्याच प्रयत्नांत आघाडीची जागा मिळविली. दारूवाला फॉर्म्युला टूमध्यें गेला. डिसेंबर २०२० मध्यें बहारीन येथें त्यानें त्या वर्गांतील आपली पहिली शर्यत जिंकली, आणि पुढें विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींकडे वळला.