चार लाख एक्याण्णव हजार ‘इतर’

2027 च्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवायची असे ठरल्यापासून वाद रंगला आहे तो टक्क्यांचा: कोण किती निघणार? पण आकडे येण्याआधी रकाने आखले जातात, आणि ते कोण आखतो याची चर्चा फारशी होत नाही. म्हणूनच मुंबईची 1864 ची खानेसुमारी पुन्हा उघडून पाहायला हवी.

ते साल कापसाच्या तेजीचे. अमेरिकेत यादवी पेटलेली, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, आणि मुंबईत पैसा व माणसे दोन्ही लोटत होती. डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली बेटावरची डोकी मोजली गेली. भरली 8,16,562. ती चौदा रकान्यांत वाटली. चिनी 358, लिंगायत 1,598, ज्यू 2,872, युरोपियन 8,415, भाटिया 21,771, ब्राह्मण 30,604, पारशी 49,201. आणि मग एक ओळ येते: ‘इतर जातींचे हिंदू’, 4,91,540.

शहरातली दर पाचांतली तीन माणसे या एका ओळीत आहेत! ज्यांची ही बेटे ते कोळी, माडाची माडी काढणारे भंडारी, कोकणातून पोटासाठी आलेले कुणबी, सारे एकाच ढिगात. कापसाच्या पेढ्यांवर ज्यांची गाठ पडायची ते भाटिये मात्र साहेबाला वेगळे दिसले. गोदीत गाठी वाहणाऱ्याची जात विचारण्याची गरज त्याला वाटली नसावी.

त्याच तक्त्यात ‘निग्रो आफ्रिकन’ 2,074 आहेत. मुंबईचे सिद्दी बहुतेक मुसलमान, आणि मुसलमानांचा रकाना शेजारीच. म्हणजे एकाला धर्माने मोजले, दुसऱ्याला जातीने, तिसऱ्याला कातडीच्या रंगाने. या 2,074 जणांची नावे तक्त्यात नाहीत, पण त्या काळच्या काही आफ्रिकी मुलांची नावे इतिहासाने जपली आहेत. खानेसुमारीनंतर काही महिन्यांतच आफ्रिकेचा प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या बोटीने मुंबईला आला आणि चुमा नावाच्या आफ्रिकी मुलाला मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून गेला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुले नाशिकजवळ मिशनऱ्यांच्या शरणपुरात शिकत. तिथलाच जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत चुमा आणि वेनराइट दोघेही होते, आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. नाशिककरांनी ही गोष्ट शाळेत शिकवली पाहिजे.

‘जातिबाह्य’ असाही एक रकाना होता: 32,434. तो शब्द त्या रकान्यातल्या माणसांनी स्वतः निवडलेला नव्हता. बरोबर साठ वर्षांनी, 1924 मध्ये, याच शहरात डॉ. आंबेडकरांनी संस्था काढली तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. लादलेला शब्द हक्काच्या मागणीसाठी वापरला गेला.

आता संकट उलट टोकाचे आहे. 1931 मध्ये देशात 4,147 जाती नोंदल्या गेल्या. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातींची म्हणून 46 लाखांहून अधिक नावे जमली, असे केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आडनावे, कुळे, पोटजाती, एकाच नावाची दहा स्पेलिंगे, सारे त्यात मिसळले होते. 2027 मध्येही अशीच नावे येतील; ती कुणीतरी गाळणार, जोडणार, आणि उरलेली ‘इतर’मध्ये टाकणार. म्हणून जातींची यादी, पर्यायी नावांसकट, प्रगणक दारात येण्याआधीच वॉर्ड ऑफिसात आणि ग्रामपंचायतीत लावायला हवी. ज्याला आपले नाव त्यात सापडणार नाही, त्याला हरकत घ्यायला वेळ मिळेल. 1864 च्या त्या 4,91,540 जणांना तो मिळाला नव्हता.