एलईडी आव्यूह दर्शकावरील आकृतिबंध

प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) आडव्या ओळी व उभे स्तंभ यांत मांडलेल्या दर्शकावर अक्षर, अंक वा चित्र उमटविण्यासाठी ठरविलेली ठिपक्यांची रचना.

८×८ दर्शकात ६४ डायोड असतात. ओळीतील डायोडांची एका प्रकारची अग्रे व स्तंभातील डायोडांची दुसऱ्या प्रकारची अग्रे एकत्र जोडल्याने १६ तारांवर काम भागते. मात्र सर्व ओळी एकदम चालू केल्यास नको ते ठिपकेही उजळतात. म्हणून सूक्ष्मनियंत्रक ओळी एकामागून एक उजळवितो. सेकंदाला १०० वेळा पूर्ण आकृती दाखविल्यास प्रत्येक ओळीस १.२५ मिलिसेकंद मिळतात. दृष्टिसातत्यामुळे आकृती स्थिर भासते. पण प्रत्येक डायोड एक-अष्टमांश वेळच उजळत असल्याने तेज घटते. ते भरून काढण्यासाठी प्रवाह वाढविला असता आज्ञावली मध्येच अडकली, तर एकच ओळ पेटून राहते व तिच्यातील डायोड जळू शकतात. ओळ बदलण्यापूर्वी आधीची विझविणेही आवश्यक असते, अन्यथा तिची फिकट छाया पुढील ओळीत दिसते.

आकृतिबंध प्रथम चौकटींच्या कागदावर काढावा. उजळ चौकट १ व रिकामी ० मानल्यास प्रत्येक ओळ ही आठ अंकांची द्विमान संख्या होते. उदा., ‘ग’ हे अक्षर वरून खाली २५५, ३४, ३४, ३४, ९८, ९८, २, २ या आठ संख्यांत साठविता येते. यांतील २५५ ही अखंड शिरोरेषा होय.

परंतु येथे आठही ओळी संपल्या. ‘गो’मधील मात्रेला वर किंवा ‘गु’मधील उकाराला खाली जागा उरली नाही. रोमन अक्षरांना ५×७ ठिपके पुरतात, म्हणून तेच माप मराठी फलकासाठी घेणे चुकीचे आहे. देवनागरीसाठी निदान १६ ओळी घ्याव्यात. अशा फलकाचे वरचे व खालचे अर्ध स्वतंत्रपणे चालविल्यास तेज आणखी घटत नाही. छापील टंक यंत्राने लहान करून घेण्यापेक्षा अक्षर हाताने ठिपक्यांत बसविणे इष्ट, कारण आकुंचनात गाठी बुजतात. ‘ध’ व ‘भ’ यांच्या शिरोरेषेतील खंड तर पुष्कळदा एकाच ठिपक्याचा असतो. तो ठिपका चुकून उजळला, तर ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भरा’चे ‘मरा’ वाचले जाते.