भट्टीच्या माथ्यावरची माणसं

पोलाद कारखान्यातले कामगार सर्वसाधारण जनतेपेक्षा निरोगी दिसतात. आकडे खोटे नसतात. आजारी माणूस त्या कामाला लागतच नाही, खंगला की बाहेर पडतो. उरतात ते धडधाकट. आरोग्य-संशोधकांना हा चकवा जुनाच ठाऊक आहे.

अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातल्या पोलाद कारखान्यांत १९५३ साली कामावर असलेल्या सुमारे ५९ हजार जणांचा अभ्यास झाला, तेव्हाही सरासरी अशीच गोंडस आली. पण विल्यम लॉइड आणि सहकारी तिथे थांबले नाहीत. कोण कुठल्या विभागात, नेमकं काय करतो आणि वर्णाने कोण, हे त्यांनी वेगळं काढलं. त्यांतून नजरेत भरल्या कोक भट्ट्या. तिथे दगडी कोळसा हवेविना हजार अंशांच्या आसपास तापवतात. माथ्यावरची झाकणं उघडून कोळसा ओततात, तेव्हा डांबराची वाफ उसळते. तिच्यात बेन्झोपायरिनसारखी कर्करोगकारक रसायनं असतात. हे माथ्यावरचं काम मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येई. त्यांना उष्णता सोसते, असं म्हणत मालक त्यांना तिथे धाडत. (सोसत नव्हती, दुसरं काम मिळत नव्हतं.) १९७१च्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांहून अधिक काळ पूर्णवेळ माथ्यावर राबलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहापट होता.

त्या काळी संख्या कमी, नोंदी अपुऱ्या अशा सबबींवर कृष्णवर्णीय कामगार अनेक अभ्यासांतून गाळले जात. इथेही गाळले असते, तर दहापटीचा हा आकडा बहुधा हातीच लागला नसता. अशा पुराव्याच्या आधारे १९७६ साली अमेरिकेने कोक भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली. तिचा फायदा भट्टीवरच्या गोऱ्या कामगारांनाही झाला, हे सहसा कुणी सांगत नाही.

कोण मोजलं जातं, हा प्रश्न आजही आहे. कॅलिफोर्नियात स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापणाऱ्यांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, होतो आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातल्या ५२ रुग्णांपैकी ५१ लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित होते. वयाचा मध्यांक ४५. त्यांतल्या दहा जणांचा मृत्यू झाला. अनेकांचा आजार आधी न्यूमोनिया किंवा क्षय समजला गेला. ही सगळी माहिती दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांची. धुळीत किती जण राबले, हे त्यावरून काढता येत नाही. पिट्सबर्गला निदान कारखान्याचे हजेरीपट होते. दगड कापण्याचं काम चालतं छोट्या कार्यशाळांत, पुष्कळदा रोख मजुरीवर. तिथे नावांची यादी कुठून मिळणार?