टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी आता चार्जिंगच्या बॅटरीत?

वर्धा : रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक वाचवायला झटका मशीन लावलेल्या शेतकऱ्याला बॅटरीचा खर्च सांगायला नको. मशीन टिकतं, बॅटरी बसते. घरच्या इन्व्हर्टरचंही तेच. या शिशाच्या बॅटरीत पाणी मिसळलेलं ॲसिड असतं, तर लिथियमच्या बॅटरीत चटकन पेटणारा द्रव. म्हणून पाण्यावरच चालणारी, पण शिशापेक्षा हलकी बॅटरी बनवायची खटपट जगभर सुरू आहे. घोडं अडतं ते प्लस टोकाच्या मसाल्यापाशी. त्याला कॅथोड म्हणतात.

शिशाच्या बॅटरीत हा मसाला शिशाच्याच ऑक्साइडचा असतो. जस्ताच्या नव्या बॅटरीत मॅंगनीज डायऑक्साइड वापरून पाहतात. लहानपणी टॉर्चचा सेल फोडला की हात काळे करणारी भुकटी निघायची ना, तीच ही. हा माल आपल्या विदर्भातलाच आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून मॉइल कंपनी सेलसाठी लागणारं मॅंगनीज काढते. तिथेच विजेच्या साहाय्याने शुद्ध मॅंगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही आहे.

मग अडचण काय? टॉर्चचा सेल एकदा संपला की फेकायचा. चार्जिंगच्या बॅटरीत मात्र मसाल्याला रोज भरणं-रिकामं होणं सोसावं लागतं. त्यात थोडं थोडं मॅंगनीज पाण्यात विरघळत जातं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी साधी युक्ती केली: आतल्या पाण्यात आधीच मॅंगनीज सल्फेट घातलं, म्हणजे कॅथोडमधलं कमी विरघळतं. त्यांचा सेल ५००० वेळा भरून-रिकामा करूनही बराच दमदार राहिला. पण ते प्रयोगशाळेतलं काम, शेतातलं नाही. शिवाय असा एक सेल जेमतेम १.४ व्होल्ट देतो, शिशाचा २ व्होल्ट. दाब जास्त चढवला तर पाणीच फुटून वायू होतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कमी होतं तेही याच कारणाने, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात जरा लवकरच. तेव्हा सध्या तरी जुनीच बॅटरी सांभाळायची आहे. प्लेटा उघड्या पडू देऊ नका. विहिरीचं किंवा बोरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खातात; डिस्टिल्ड वॉटरच घाला. चार्जिंग सुरू असताना जवळ विडी-काडी पेटवू नका, निघणारा वायू भडकतो. आणि सांडलं नसेल तर वरून ॲसिड ओतू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.