स्टेअरिंग सुटलं, उताऱ्यावर नाव नाही: जुन्या लॉरी ड्रायव्हरांचा राहून गेलेला हिशोब

निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या पट्ट्यात कुठल्याही गावच्या पारावर साठी-सत्तरीची माणसं बसलेली असतात, त्यात एखाद-दुसरा जुना लॉरी ड्रायव्हर असतोच. त्याला ओळखणं अवघड नाही. गावाचं नाव निघालं की तो तिथला ढाबा आणि चढ सांगतो. उठताना डावा गुडघा चोळतो, कारण क्लच डाव्या पायाला. आणि बोलता बोलता मराठीतून हिंदीत, हिंदीतून कानडीत, मधूनच तोडक्या तमिळमध्ये जातो.

कोगनोळीपर्यंत लॉरी म्हणायची आणि कागल आलं की ट्रक, असा आपल्याकडचा रिवाज आहे. इथे लॉरीच म्हणू.

या मंडळींच्या गप्पा ऐकायला मजा येते, हे खरं. पण दोन-चार बैठका झाल्या की एक गोष्ट लक्षात येते. गप्पा घाटांवरून, नाक्यांवरून सुरू होतात आणि संपतात उताऱ्यावर. जमीन कुणाच्या नावावर आहे, उसाचं बिल कुणाच्या खात्यावर येतं, अर्ज का परत आला. पंचवीस-तीस वर्षं देशभर माल पोचवलेल्या माणसाला आज चालक म्हणून काही मिळत नाही आणि बऱ्याचदा शेतकरी म्हणूनही मिळत नाही. असं का झालं ते समजून घ्यायचं तर आधी लॉरीचा धंदा कसा चालायचा हे बघायला हवं.

पुणे-बेंगळूर महामार्ग, जुना नंबर 4 आणि आताचा 48, चौपदरी होण्याआधी दोन गाड्या जेमतेम पास होतील एवढाच होता. कात्रज, खंबाटकी, तवंदी घाट चढताना भरलेली लॉरी माणसाच्या चालीने चालायची. निपाणीची तंबाखू, संकेश्वरी मिरची, कोल्हापूरचा गूळ, बेळगावची गोव्याला जाणारी भाजी हा इथला माल. गोव्याला उतरायचं तर चोर्ला नाहीतर अनमोड. पॉवर स्टेअरिंग नव्हतं, त्यामुळे वळणावर खांद्याचं काम. पूर्वीची माणसं टाटाच्या लॉरीला सरळ 'बेंझ' म्हणत, कारण टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार 1954 ते 1969 असा चालला होता. करार संपला तरी नाव काही वर्षं तोंडात राहिलं.

ड्रायव्हिंग शाळा वगैरे प्रकार नव्हता. आधी क्लीनर व्हायचं, म्हणजे ताडपत्री बांधायची, फाळका उघडायचा, चाकाला ओंडका लावायचा, स्टोव्हवर भात शिजवायचा. उस्तादाचा मूड असला तर रिकाम्या रस्त्यावर रात्री स्टेअरिंग हातात. घाटाचा पहिला धडा असा की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ड्रम तापतात आणि ऐनवेळी ब्रेक धरत नाही.

हा धडा सगळ्यांना पाठ होता, तरी अनेकजण घाटात न्यूट्रल टाकायचे. बाहेरच्या माणसाला हा बेदरकारपणा वाटतो. त्यामागे पैसा होता. मालक खेपेला ठरावीक डिझेल द्यायचा आणि वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. पगार कमी, वर खेपेचा भत्ता आणि त्यावर ही वाचवलेली कमाई. म्हणजे उतारावर इंजिन सुटं सोडलं की खिशात चार पैसे पडायचे. तवंदीच्या उताराला पालथ्या पडलेल्या गाड्या बघणाऱ्यांनी हा हिशोबही बघायला हवा.

नाक्यांच्या आठवणी तर संपत नाहीत. जकात, विक्रीकर, आरटीओ, प्रत्येकाची वेगळी खिडकी. कर्नाटकात जकात 1979 मध्ये गेली, महाराष्ट्रातल्या शहरांत ती त्यानंतर कितीतरी वर्षं राहिली, त्यामुळे आपल्या ड्रायव्हरांना दोन्ही राज्यांतला फरक तोंडपाठ. नॅशनल परमिटसाठी प्रत्येक राज्याची फी वेगळी भरायची पद्धत मे 2010 मध्ये बदलली आणि देशभराला एकच वार्षिक फी झाली, तेव्हा 15,000 रुपये. पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांतले विक्रीकराचे नाके उठले. 15 फेब्रुवारी 2021 पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. आमच्या वेळी हे असतं तर, या वाक्याने सुरू होणारी चर्चा मग तासभर चालते. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली म्हटल्यावर तर हे लोक हसतातच. इंजिनच्या उष्णतेने भाजलेल्या पोटऱ्या दाखवतात.

1981 सालची आठवण मात्र हसत निघत नाही. निपाणीत तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या दिला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्यावेळी लॉरीवर असलेल्या आपल्या भागातल्या पोरांचे बाप-चुलते रस्त्यावर बसलेले होते. घरचं अर्धं माणूस शेतात आणि अर्धं लॉरीवर, ही आपल्याकडची रीत होती, आजही आहे.

आता मूळ प्रश्न. एवढी वर्षं नोकरी केली तर फंड कुठे गेला?

उत्तर कायद्याच्या आकड्यात आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा, पण तो 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 चा वेगळा कायदा होता. त्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास अशी मर्यादा, सुट्टी, विश्रांती सगळं लिहिलेलं होतं. तो लागू व्हायला किमान 5 कामगार लागत. आपल्याकडचा मालक म्हणजे एक-दोन लॉऱ्यांचा. बरेचदा तो स्वतःच जुना ड्रायव्हर, नाहीतर ड्रायव्हरचा मेव्हणा. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले चार. म्हणजे दोन्ही कायद्यांच्या बाहेर. शिवाय हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. मालकाच्या वहीत 'खेप' असायची, माणसाचं नाव नसायचं. त्यामुळे अपघात झाला तरी आपण याच गाडीवर नोकरीला होतो हे सिद्ध करण्यापासून सुरुवात.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे कागदावर मांडून बघायची खोड आहे. समजा एखाद्याचा पगार सरासरी 3,000 रुपये धरला आणि फंडाचे 12 टक्के त्याचे, तेवढेच मालकाचे, तर महिन्याला 720 झाले. वर्षाचे 8,640. पंचवीस वर्षांचे, व्याजाचा एक पैसा न धरता, 2,16,000. यातला मालकाचा काही भाग पेन्शनकडे जातो, म्हणजे वर थोडीफार दरमहा पेन्शन. रक्कम फार मोठी नाही, पण गुडघ्याचं ऑपरेशन अडलं नसतं.

त्या काळी कुणी हा विचार केला नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यात पेन्शन म्हणजे गावची जमीन. थकलो की घरी जाऊ, दोन एकर ऊस आहे. काहींना थकायच्या आधीच यावं लागलं. बळ्ळारीच्या खाणी 2011 मध्ये आणि गोव्याच्या 2012 मध्ये थांबल्या, तेव्हा खनिजाच्या खेपांवर चालणाऱ्या लॉऱ्या दारात उभ्या राहिल्या. गोव्यात पुन्हा सुरू झालेलं काम मार्च 2018 मध्ये परत बंद पडलं. खानापूर भागातले कितीतरी गडी तेव्हा चाळिशी-पन्नाशीतच भात आणि काजूकडे वळले. तिथे गवे आणि रानडुकरं पिकाची राखण करायला लावतात.

घरी आल्यावर कळतं की जमीन आहे, पण कागदावर आपण नाही. तीस वर्षं माणूस बाहेर. बाप गेला तेव्हा वारसा लावायला कोण होतं? थोरला भाऊ. 'एकत्र कुटुंबाचा मॅनेजर' म्हणून त्याचं नाव लागलं, नाहीतर अजूनही बापाचंच आहे. ड्रायव्हरने दर महिन्याला घरी पाठवलेल्या पैशातून विहीर पडली, पाइपलाइन आली, सोसायटीचं कर्ज फिटलं. त्याची नोंद कुठेच नाही. यात प्रत्येक वेळी भावाची लबाडी असते असं मुळीच नाही. बहुतेक घरांत भाऊ गुण्यागोविंदाने राहतात. पण सरकारी कागद माणसाचं मन बघत नाही, नाव बघतो.

परिणाम असे. कारखान्याला ऊस ज्याच्या नावावर नोंदवला, बिल त्याच्या खात्यावर. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात, पण ते खातेदाराला, घाम गाळणाऱ्याला नव्हे. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये उताऱ्यावरच्या नावाला. कर्नाटकात बिनव्याजी पीककर्ज, अतिवृष्टीची भरपाई हे सगळं फ्रूट्स आयडीला जोडलेलं आणि तो आयडी पुन्हा उताऱ्याला. याच महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय, त्यात ज्यांचा तुकडा गेला त्यांच्या भरपाईची पहिली चौकशी हीच, नाव कुणाचं? आयुष्यभर ज्या रस्त्यावर गाडी हाकली तोच रस्ता शेतात आला आणि भरपाईच्या यादीत आपण नाही, ही गोष्ट सांगताना चांगला बोलका माणूसही गप्प होतो.

यात सीमाभागाची आपली एक वेगळी गोम आहे. भूमी योजनेत कर्नाटकातले उतारे संगणकावर गेले आणि ते कानडीत निघतात. आपला ड्रायव्हर कानडी झकास बोलतो, हुबळी-दावणगेरीत त्याने अर्धं आयुष्य घालवलंय. पण लिपी येत नाही. अर्धा गुंठा कमी लागलाय की भावाच्या बायकोचं नाव आलंय, हे त्याला शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्यावं लागतं. कागदपत्रं मराठीतही मिळावीत ही इथली जुनी मागणी. ती राजकारणाच्या व्यासपीठावर गाजते, पण तिची खरी गरज या माणसाला आहे.

म्हणून जे अजून स्टेअरिंगवर आहेत, पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांनी घरी येण्याआधी दोन-तीन कामं उरकावीत. बाप हयात नसेल तर वारसा लावून घ्यावा. कर्नाटकात नाडकचेरीत अर्ज, सोबत मृत्यू दाखला आणि वंशावळ. महाराष्ट्रात तलाठ्याकडे किंवा ई-हक्क पोर्टलवर. बहिणींची नावं आली तर लागतील. 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यांचा समान हक्क आहेच, त्या भीतीने वारसाच न लावणं म्हणजे सगळ्यांचंच नुकसान. पीएम किसानला 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदीने आलेली जमीन धरत नाहीत, वारसाने आलेली धरतात. एका सर्व्हे नंबरची वाटणी करून नोंदवायची असेल तर कर्नाटकात 11ई नकाशा लागतो आणि त्याला वेळ जातो. भाऊ बोलताहेत तोवर हे सोपं असतं.

असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड 16 ते 59 वयातच निघतं, साठी ओलांडली की दार बंद. पीएम श्रमयोगी मानधन ही 3,000 रुपये पेन्शनची योजना 2019 ची, पण तिच्यात शिरायचं वय 18 ते 40, त्यामुळे पारावरच्या मंडळींना तिचा उपयोग शून्य. पोरगा लॉरीवर असेल तर त्याला मात्र जरूर सांगावं. पासष्टी झालेल्यांसाठी कर्नाटकात संध्या सुरक्षा, महिना 1,200. सीमा ओलांडली की महाराष्ट्रात श्रावणबाळ, महिना 1,500. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे आणि ती इतकी खाली की दाखला मिळवताना दमछाक होते.

बाकी शेती चाललीय. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे, पण थ्री फेज पाळीने येते आणि बऱ्याचदा रात्रीची. बाकीचे शेतकरी कुरकुरतात. जुना ड्रायव्हर बॅटरी घेऊन आरामात बांधावर जातो, त्याला रात्री झोप तशीही लागत नाही. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की गुडघा साथ देत असलेले काहीजण ट्रॅक्टरवर बसतात, ऊस ओढतात. दोन ट्रॉल्या जोडून, तवंदीचा उतार, आणि पहिल्या गिअरात.