जुन्या ब्राँझच्या वस्तूचे मूळ आणि मोल कसे ठरते?

तांब्या-पितळेच्या धंद्यात आपल्या समाजातील लोक पूर्वीपासून आहेत. कोणाची भंगाराची वखार आहे, कोणाचे मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंचे दुकान आहे, तर कोणी गावोगाव फिरून मोडीची भांडी गोळा करतो. या मालात कधीतरी एखादी वेगळीच वस्तू हाती लागते. हिरवट-काळी पडलेली, हाताला जड, सिंहाच्या किंवा पक्ष्याच्या आकाराची, अंगावर नक्षी आणि न वाचता येणारी अक्षरे असलेली. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ती वस्तू किलोच्या भावाने भट्टीत जाते, नाही तर ‘पाचशे वर्षांपूर्वीची’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली जाते. पहिल्यात आपले नुकसान आहे, दुसऱ्यात फसवणूक आहे. आणि वस्तू चोरीची निघाली तर दोन्हींपेक्षा मोठे संकट ओढवते.

पूजेच्या मूर्तींची खरेदी-विक्री इस्लामने निषिद्ध ठरविली आहे, हे आपण जाणतो. प्राण्यांच्या आकृतींबाबतही उलेमांचा सल्ला घ्यावा. तथापि जुन्या धातूच्या वस्तूची पारख कशी होते, हे दीपदान, आफताबा, धूपदाणी, पानदान विकणाऱ्यालाही माहीत असले पाहिजे. आमच्या मते या सर्व पारखीचे सार एकच आहे. जुन्या वस्तूचे मोल तिच्या धातूत नसते, नुसत्या वयातही नसते. ती कोठून आली हे किती खात्रीने सांगता येते, यावर ते ठरते.

पीसाचा ग्रिफिन आणि त्याचा जोडीदार सिंह

इटलीतील पीसा शहरात अर्धा गरुड व अर्धा सिंह अशा प्राण्याची, म्हणजे ग्रिफिनची, एक मीटरहून उंच ब्राँझची आकृती आहे. मुस्लिम कारागिरांनी घडविलेल्या धातूच्या आकृतींत ती फार प्रसिद्ध आहे. कित्येक शतके ती तेथील कॅथेड्रलच्या छपरावर होती. १८२८ साली ती खाली उतरविण्यात आली. तिच्या अंगावर कूफी लिपीत लेख आहे, पण त्यात मालकाला बरकत आणि सलामती लाभो एवढीच दुआ आहे. कारागिराचे नाव नाही, गावाचे नाव नाही, सालही नाही.

त्यामुळे ती कोठे घडली याबद्दल विद्वानांत दीर्घकाळ वाद राहिला. कोणी इराण म्हणे, कोणी मिसर, कोणी सिसिली, तर कोणी अंदलूस, म्हणजे मुस्लिम राजवटीतील स्पेन. ओतकामाची पद्धत, धातूचे मिश्रण, नक्षी आणि अक्षरांचे वळण असे सर्व तपासल्यानंतर आता कल अंदलूसकडे आहे, आणि काळ अकराव्या शतकाचा शेवट ते बाराव्याचा आरंभ मानला जातो.

१९९३ साली लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात ब्राँझचा एक सिंह विक्रीस आला. त्याची नक्षी व लेख ग्रिफिनशी जुळत होते. इतकेच नव्हे, ग्रिफिनच्या पोटात धातूचे एक पात्र बसविलेले आहे, तसेच पात्र या सिंहाच्याही पोटात होते. सिंहाची किंमत २० लाख पौंडांच्या वर गेली. त्यातील धातूचे भंगाराच्या भावाने काय आले असते? पीसाच्या ग्रिफिनशी त्याचे नाते दाखविता आले, हेच त्याचे खरे मोल होते.

१९९७ साली तेथेच ब्राँझची एक हरिणी ३५ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. ती आज कतारमधील दोहा येथील इस्लामी कला संग्रहालयात आहे. कुर्तुबाजवळच्या मदीनतुझ्झहरा या महालनगरीशी संबंधित असलेली तशीच एक आकृती स्पेनमध्ये आधीपासून जतन केलेली होती. तिच्याशी तुलना करता आल्यामुळे या हरिणीचा देश आणि काळ सांगता आला. पहिला धडा हा की, आपली वस्तू एखाद्या संग्रहालयातील, मूळ ठाऊक असलेल्या वस्तूशेजारी ठेवून पाहावी. निदान छायाचित्रांवरून तरी ताडून पाहावे.

लेख नीट वाचावा

ज्या वस्तूवर अक्षरे आहेत तिच्या बाबतीत अरबी-फारसी जाणणाऱ्या आपल्या लोकांना मोठा फायदा आहे. ‘अमल’ हा शब्द दिसला तर त्यापुढे बहुधा कारागिराचे नाव असते. साल हिजरी असते, ते इसवी सनात बदलून घ्यावे. उदाहरणार्थ, हिजरी १२०० म्हणजे इसवी १७८५-८६. रशियातील हर्मिटाज संग्रहालयात हिरात येथे घडविलेली एक बादली आहे. तिच्यावर हिजरी ५५९, म्हणजे इसवी ११६३ हे साल, ओतणाऱ्याचे नाव आणि जडावकाम करणाऱ्याचे नावही कोरलेले आहे. अशी वस्तू आपले मूळ स्वतःच सांगते. मात्र लेख मागाहूनही कोरला जातो. अक्षरांच्या खाचांत जुना गंज नसून आतून चकचकीत धातू दिसला तर सावध व्हावे.

धातूची तपासणी काय सांगते?

तांब्यात कथील मिसळले की ब्राँझ होते, जस्त मिसळले की पितळ. बाजारात दोन्हींना सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतात, पण पारखीच्या कामी हा फरक महत्त्वाचा आहे. क्ष-किरणांच्या यंत्राने वस्तूला धक्का न लावता मिश्रण कळू शकते. हे यंत्र पृष्ठभागच पाहते, म्हणून गंजलेल्या जागेवरचे आकडे फसवे असतात.

जुन्या पद्धतीत खनिजापासून थेट पितळ बनवीत, तेव्हा जस्ताचे प्रमाण साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर जात नसे. बाराव्या शतकातील मोसुली म्हणून दाखविलेल्या शमादानात ३५ टक्के जस्त निघाले तर शंका घ्यावी. परंतु राजस्थानात जावर येथे शुद्ध जस्त काढण्याची विद्या मध्ययुगातच होती, युरोपात ती अठराव्या शतकात आली. म्हणून सतराव्या शतकातील हिंदुस्थानी वस्तूत तेवढेच जस्त निघाले, तर तेवढ्यावरून ती नकली ठरत नाही.

धातूचे वय थेट मोजता येत नाही. पोकळ ओतलेल्या वस्तूच्या आत साच्याची माती शिल्लक असेल तर ती शेवटी केव्हा भाजली गेली हे प्रयोगशाळेत अजमावता येते. त्यात बरीच वर्षे इकडे-तिकडे होतात, पण वस्तू पन्नास वर्षांची की पाचशे, हे कळते. म्हणून आतली माती खरवडून फेकू नये. तसेच चिंच, लिंबू, राख लावून वस्तू घासू नये. खरा गंज थराथराने चढतो, वर हिरवा व त्याखाली तांबूस असतो. आम्ल लावून आणलेला हिरवेपणा बहुधा चटकन निघून येतो. घासलेल्या वस्तूत हा पुरावाच नष्ट होतो आणि किंमतही उतरते.

जेथे सापडली तेथेच घडली असे नाही

आपल्या महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची लहान मूर्ती सापडली. ती कोल्हापुरात घडली नव्हती, रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून आली होती. ती उत्खननाच्या ठिकाणी इतर वस्तूंसोबत मिळाल्याने तिची हकीकत सांगता आली.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार आकृती मिळाल्या. त्यांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे. त्या शास्त्रशुद्ध उत्खननात नव्हे, तर झाडाचे मूळ खणताना निघाल्या. बहुतेक पुरातत्त्वज्ञ त्यांना उत्तर हडप्पाकालीन मानतात. परंतु धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून काहींनी त्यावर शंका घेतली. एवढ्या मोठ्या ठेव्याबाबत हे होत असेल, तर कोठून मिळाली याची नोंद नसलेल्या वस्तूचे काय?

मालकीची साखळी

याहून नाजूक प्रश्न असा की वस्तू कोणाकोणाच्या हातून आली? तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची ब्राँझमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर देऊन घेतली. मूर्ती फार पूर्वीच भारताबाहेर गेल्याची कागदपत्रे दाखविण्यात आली होती. ती बनावट निघाली. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने काढून ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांमुळे मूर्ती ओळखता आली आणि २०१४ साली ती भारताला परत करावी लागली. मूर्ती अस्सल होती, वय खरे होते, तरीही घेणाऱ्याचा पैसा बुडाला.

१९७० च्या युनेस्को करारानंतर परदेशातील जबाबदार खरेदीदार वस्तू त्यापूर्वी मूळ देशाबाहेर गेल्याचा किंवा कायदेशीर निर्यात झाल्याचा पुरावा मागतात. तो नसेल तर उत्तम वस्तूलाही गिऱ्हाईक मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे व कलावस्तू पुरावशेष ठरतात. धातूच्या जुन्या शिल्पाची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रासह नोंद करावी लागते आणि मालकी बदलली तर कळवावे लागते. पुरावशेषांचा धंदा करण्यास परवाना लागतो. खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाहीत. तसे केल्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि दंड आहे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल आणि निर्यात करायची असेल, तर ती पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घ्यावा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला खबर देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘शेतात निघाली’ असे सांगून कोणी वस्तू आणली तर ती स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊ नये.

व्यापाऱ्याने काय करावे?

वस्तू आली की आणणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख व त्याने सांगितलेली हकीकत वहीत लिहावी आणि सही घ्यावी. चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. वजन, उंची, लेख, डाग, दुरुस्तीच्या खुणा टिपाव्यात. वस्तू घासू नये, तोडू नये, वितळवू नये. मग जाणकाराला दाखवावी. वाचलेली नोंद आणि केलेला अंदाज वेगवेगळे ठेवावेत. ‘साल लिहिले आहे’ आणि ‘सालाचा अंदाज आहे’ या दोन वाक्यांत किमतीचाच नव्हे, ईमानाचाही फरक आहे.

मालातील ऐब गिऱ्हाइकाला सांगून विकणे हा आपल्या दीनने शिकविलेला व्यापाराचा पहिला नियम आहे. मूळ ठाऊक नसणे हाही जुन्या वस्तूतील ऐबच होय. जेवढे माहीत तेवढेच सांगणाऱ्या व्यापाऱ्याला सुरुवातीला दोन पैसे कमी मिळतील. पण त्याच्या दुकानाच्या वहीतील नोंद पुढे त्या वस्तूचा पुरावा बनेल, आणि इन्शाअल्लाह त्याच्या शब्दालाही बाजारात मोल येईल.