नोंद संगणकाची, जबाबदारी कोणाची?

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णी हे माढा तालुक्यातील मोठ्या बाजारपेठेचे गाव. येथून एक वाट अकलूज-पंढरपूरकडे फुटते, एक करमाळ्याकडे आणि एक कुर्डुवाडीमार्गे बार्शीकडे. त्यामुळे भोवतालच्या खेड्यांचे बँक, पतसंस्था, खते-बियाणे आणि दाखले-उतारे यांचे व्यवहार या गावाशी बांधलेले आहेत. १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पूर्ण झाले आणि ज्वारीच्या या कोरडवाहू मुलखात ऊस आला, पुढे केळीही आली. पिकामागून कर्ज आले, कर्जामागून कागद आले आणि कागदांची जागा यथावकाश संगणकाने घेतली. आज येथील शेतकऱ्याची जमीन, त्याचा ऊस, त्याचे कर्ज आणि त्याची ठेव या साऱ्यांची नोंद कोणत्या ना कोणत्या संगणकात असते. तेव्हा माहिती-तंत्रज्ञानाने संस्थांचे काय बरेवाईट केले, हा प्रश्न केवळ मुंबई-बंगळूरच्या वातानुकूलित कचेऱ्यांपुरता उरलेला नाही. टेंभुर्णीच्या एस. टी. स्थानकावर पिशवीत कागद घेऊन उतरणाऱ्या माणसाचाही तो प्रश्न आहे.

जे चांगले झाले ते प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. सातबाराच्या एका उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत दिवस घालविणे ही एके काळी ठरलेली गोष्ट होती. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि ही यातायात पुष्कळच कमी झाली. ज्या शाखेत खाते त्याच शाखेत जाऊन, टोकन घेऊन तिष्ठत बसण्याचे दिवसही गेले. कित्येक साखर कारखाने उसाच्या वजनाचा आकडा सभासदाच्या मोबाइलवर कळवितात. संगणक नको, पूर्वीचेच बरे होते, असे म्हणणाऱ्याने आपले पूर्वीचे हेलपाटे आठवून पाहावेत.

तथापि संस्थेची कार्यक्षमता वाढली म्हणजे तिच्याकडे येणाऱ्या माणसाचे काम सुलभ झाले, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. नोंद बिनचूक असेल तेव्हा दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. नोंद चुकली की मात्र निराळेच चित्र दिसते. जुन्या खतावणीतील चूक एका पानावर असे, ती ज्याच्या हातून झाली तो कारकून समोर बसलेला असे आणि लाल शाईने दुरुस्ती करून त्याखाली त्याची सही होई. आता खिडकीपलीकडचा कारकून पडद्याकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय.’ यात त्याचा दोष नाही. पुष्कळदा दुरुस्तीचा अधिकार त्याच्या हाती ठेवलेलाच नसतो, आणि ग्राहकाचा राग मात्र त्यालाच सोसावा लागतो. काम यंत्राकडे गेले आणि त्याबरोबर उत्तर देण्याची जबाबदारीही कोठेतरी हरवली, ही या सुधारणेची खरी उणीव होय.

या उणिवेवर उपाय नाही असे नाही, आणि तो आपल्याच राज्याने एकदा करून पाहिला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविताना नावांत, क्षेत्रांत आणि हिश्श्यांत चुका राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ साली गावोगावी चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि ज्याला आपल्या नोंदीत चूक आढळेल त्याने ती तेथेच सांगायची, अशी ही साधी रीत होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहेच. गट क्रमांक, क्षेत्र आणि नाव कच्चे-पक्के कोणास ठाऊक, तर ज्याची जमीन त्यालाच. कोट्यवधी नोंदींची तपासणी कोणत्याही कार्यालयाला एकट्याने साधणार नाही, परंतु ज्याची नोंद त्याच्यासमोर ठेवली तर ती साधते, एवढे या मोहिमेचे तात्पर्य आहे. खेद इतकाच की हा उपक्रम एका खात्याच्या एका मोहिमेपुरता राहिला, तो सर्व संस्थांचा वार्षिक परिपाठ झाला नाही.

चुकीहून मोठा प्रश्न जोखमीचा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण या बाबतीत महाराष्ट्राने विसरू नये. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी आणि नावाजलेली बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारी बँका बंद असताना, बनावट कार्डांच्या साहाय्याने अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत बारा हजारांहून अधिक व्यवहार झाले. देशातल्या देशात सुमारे २,८०० व्यवहार झाले ते निराळे. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाखांची झाली.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘या माणसाला पैसे द्यावेत काय?’ अशी विचारणा बँकेच्या स्विच नावाच्या दुव्यामार्फत मूळ हिशेबाकडे जाते आणि शिल्लक पाहून होकार वा नकार येतो. चोरांनी मधेच एक खोटा स्विच उभा केला. येणाऱ्या विचारणा तो मूळ हिशेबापर्यंत पोचूच देत नव्हता, परस्परच होकार कळवीत होता. एखाद्या कचेरीच्या दारात तोतया शिपाई बसावा आणि साहेबांना न विचारता ‘साहेब हो म्हणाले’ असे सांगत राहावा, तसाच हा प्रकार. मूळ हिशेब शाबूत होता, खातेदारांच्या रकमेला धक्का लागला नाही आणि तोटा बँकेने सोसला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषीही ठरविले. पण शतकभराची पुण्याई असलेल्या संस्थेची तिजोरी सुटीच्या दिवशी, एकही कुलूप न फोडता रिकामी करता येते, हे त्या दोन दिवसांनी दाखवून दिले.

या घटनेनंतर, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर-सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि पुढच्याच वर्षी तिला स्तर पाडून दिले. हे योग्यच झाले. परंतु तालुक्याच्या गावांतून ज्या पतसंस्था रोजच्या रोज लहान ठेवी गोळा करतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या कक्षेत येतात. त्यांचाही हिशेब आता संगणकावरच चालतो. त्याची दुसरी प्रत कोठे आहे, परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक आहे आणि संगणकप्रणाली पुरविणारा उद्या निघून गेला तर काय, हे प्रश्न वार्षिक सभेत किती सभासद विचारतात?

जोखीम केवळ चोरीचीच असते असेही नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक विषाणू युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या वाटेने जगभर पसरला आणि मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. परिणामी न्हावाशेवा येथील, याच समूहाकडून चालविले जाणारे बंदराचे एक धक्के-स्थानकही ठप्प झाले. आज टेंभुर्णी-कंदर भागातील केळी परदेशी जाते ती न्हावाशेवाच्या वाटेनेच. तेव्हा युक्रेनमधील एका हिशेबनीसाच्या संगणकाचा आणि भीमाकाठच्या केळीच्या घडाचा संबंध काय, असे कोणी विचारू नये. मर्स्कने आपली यंत्रणा पुन्हा उभारली ती मुख्यतः घानातील एका कार्यालयामुळे. तेथे नेमकी त्याच वेळी वीज गेलेली होती, म्हणून तेथील यंत्र विषाणूपासून वाचले आणि कंपनीच्या व्यवस्थेची एकमेव धड प्रत हाती लागली. भारनियमनाला सरावलेल्या आपल्या वाचकांना यात गंमत वाटेल. पण जगड्व्याळ कंपनीचे भवितव्य वीज जाण्याच्या योगायोगावर अवलंबून राहावे, ही गंमत नव्हे.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा नोंदलेला असतो. हा अभिलेख पूर्वीही सार्वजनिकच होता, परंतु तो पाहण्यासाठी चावडीत जावे लागे आणि कोण कोणाचा उतारा मागतो आहे हे गावाला कळे. आज गाव आणि गट क्रमांक ठाऊक असला की दूर देशी बसलेला अनोळखी माणूसही कोणाच्या जमिनीवर किती बोजा आहे ते पाहू शकतो, आणि ज्याची जमीन त्याला याचा पत्ताही नसतो. कागद तोच आहे, त्याच्याकडे पाहणाऱ्यावरचा गावाचा डोळा तेवढा गेला. आधारच्या छायाप्रतींची गोष्टही तशीच. सीमकार्डापासून लॉजपर्यंत ती प्रत कोठेही मागितली जाते, दिली जाते आणि तिचे पुढे काय होते ते कोणी विचारीत नाही. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारा आधार शासनानेच उपलब्ध केलेला आहे, हेही फार थोड्यांना माहीत असते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ठरली. माहिती फुटल्यास संबंधित माणसाला कळविण्याचे बंधन त्यात आहे आणि दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटींची आहे. मात्र याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीविषयीच्या कलमातही बदल केला, हे दृष्टीआड करून चालणार नाही. नागरिकाचे खासगीपण राखण्यासाठी घातलेले दार अधिकाऱ्याच्या कारभारावरचा पडदा होऊ नये. लहान माणसाची माहिती झाकलेली आणि मोठ्या संस्थेचा कारभार उघडा असावा, हा लोकशाहीतील क्रम उलटता कामा नये.

मग करायचे काय? यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याची गरज नाही. प्रत्येक बँक, पतसंस्था, कारखाना आणि कार्यालय यांनी वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला त्याची संपूर्ण नोंद छापून द्यावी आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. हे त्यांचे चावडीवाचन होय. दुरुस्ती करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि दिवसांची मर्यादा भिंतीवर लिहावी. वर्षातून एक दिवस संगणक बंद ठेवून हातांनी काम चालवून पाहावे, म्हणजे ‘सर्व्हर डाउन’ या दोन शब्दांवर सारी कचेरी थांबणार नाही. ज्या माहितीची गरज नाही ती मागू नये, आणि मागितलेली काम संपल्यावर नष्ट करावी. उसाच्या वजनकाट्याची पडताळणी वैधमापन खाते करते. काटा आणि पावती यांच्यामध्ये जी संगणकप्रणाली बसली आहे तिचीही तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हावी, कारण शेतकऱ्याच्या हाती पडतो तो पावतीवरचा आकडा.

या सूचनांत खर्चाची गोष्ट थोडी आणि इच्छेची अधिक आहे. वार्षिक सभेत लाभांशाचा आणि उसाच्या दराचा प्रश्न विचारण्याची आपल्या सभासदांना सवय आहे. त्याच सभेत शिक्षकाने, कारकुनाने, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने उठून एवढेच विचारावे, की आमची नोंद कोणाच्या हाती आहे आणि ती चुकली तर आम्ही कोणाकडे यायचे. उत्तरादाखल यंत्राचे नव्हे, माणसाचे नाव मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.